हललं की पुसलं

“केतकी, पोर फार गप हाय गं. एवढं गप पोर बरं नव्हं. बघून घे एकदा.”

हौसाक्का हे म्हणाल्या तेव्हा मी जाईचा चमचा उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढत होते. “हो अक्का,” म्हटलं आणि चमचा स्वच्छ फडक्यावर ठेवला. जरा आधीच त्यांनी चहा पाणचट झालाय म्हणून सांगितलं होतं. त्याच्याही आधी जाईचं झबलं मळखाऊ रंगाचं का घेतलं म्हणून विचारलं होतं. अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नेसरीहून यायच्या तेव्हा पिशवीत रताळी असायची आणि तोंडात नावं ठेवणं. सासूबाईंनी मला लग्नाच्या नव्या नवलाईतच सांगून ठेवलं होतं, “अक्का म्हणतील त्याला हो म्हणायचं आणि आपलं काम करायचं.”

मी तेच केलं.

जाईचा पहिला वाढदिवस होता आणि आम्ही पुण्याहून गडहिंग्लजला आलो होतो. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, पण त्या वर्षात माझं सगळं शास्त्र जाईच्या तापमापकात जाऊन बसलं होतं. तिचं वजन, तिचे दात, तिच्या अंगावरचा एखादा लाल ठिपका, रात्री दोनदा उठून तिच्या नाकाशी धरलेलं बोट. मला सगळ्याची धास्ती. फक्त तिच्या शांतपणाची नव्हती. तोच तर माझा एकुलता एक दिलासा होता. शेजारच्या बायका म्हणायच्या, “कसलं गुणी बाळ आहे गं तुझं! आमच्या कार्ट्याने वर्षभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही.” मी वरवर “कुठलं काय” म्हणायचे आणि आतून फुलायचे. आणि आता ह्या अक्का त्यातही खोट काढत होत्या.

“केतकी! झालं का तुझं उकळून? उजेड चाललाय!” पुढच्या खोलीतून मामांची हाक आली.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात, आणि सासूबाईंना आत्ती. पुढची खोली म्हणजे मामांचा स्टुडिओ. उत्तरेच्या भिंतीला छतापर्यंत गेलेली दुधी काचांची खिडकी, समोर रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात एक हंस. दुसराही होता म्हणे, पण ओल येऊन तो पाण्यात विरघळला होता. भिंतींना इतक्या वर्षांत फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास मुरला होता. मला तो आवडायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेल्यासारखं वाटायचं. लवकरच तिथे मोबाईलचं दुकान येणार होतं. दिवे, पडदे, खुर्च्या, सगळ्याला गिऱ्हाईक ठरलं होतं. तो एक कॅमेरा सोडून.

बंद असला की तो जुन्या लाकडी पेटीसारखा दिसायचा. मामांनी पितळी खटका दाबला, पुढची फळी हलकेच खाली आली, आणि त्यांनी रुळावरून भिंगाची चौकट पुढे ओढली. तिच्यामागून काळा भाता घडीघडीने उलगडत आला, बाजाच्या पेटीने श्वास घ्यावा तसा. मामांनी तो हाताने कुरवाळला.

“एकच फिल्म राहिलीय,” ते म्हणाले. “तारीख उलटलीय तिची. पण मी फ्रिजमधी जपलीय. जाईचा फोटो काढायचा आणि भाता मिटायचा.”

“लोण्याच्या भांड्याला चिकटून ठेवलेली,” आत्ती म्हणाल्या. “मला वाटायचं, रणधीरनं पुण्याहून आणलेलं चीजच हाय.”

रणधीर, माझा नवरा, सदऱ्याची बटणं लावत हसला. “बाबा, मोबाईलवर काढू की. शंभर काढू.”

“काढ की शंभर. त्यातला एक तरी परत बघतोस का?” मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, “फोकस तू कर, बाळ. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर नजर ठरत नाही आता. तू बारीक बघणारी हायस.”

माझ्या बारीक बघण्याला तोवर सगळ्यांनी वेडच म्हटलं होतं. त्याचा कुणाला उपयोग होईल असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. मी हात धुऊन आले.

मामांनी जाईला मांडीवर घ्यायची परवानगी दिली नाही. “आई हलली की पोर हलतंय. सुटं बसवा.” तिला वेताच्या उंच पाठीच्या छोट्या खुर्चीत बसवलं. त्याच खुर्चीत रणधीरचा पहिला वाढदिवस झाला होता. मागे आत्ती आणि रणधीर उभे राहिले. खुर्चीशेजारी स्टुलावर मी बसायची होते, पण मी कॅमेऱ्यामागे, म्हणून तेवढ्यापुरतं अक्कांना माझ्या जागी बसवलं.

“अक्का, तूबी ये की फोटोत. शेवटचा हाय,” मामा म्हणाले.

“नको बाबा. माझा एक हाय भिंतीवर, तेवढा पुरे.”

सगळे हसले. तो भिंतीवरचा फोटो मामांच्या वडिलांनी काढलेला, ह्याच कॅमेऱ्याने. ओळीने सगळं कुटुंब, फेटे, नऊवारी, जमिनीवर पोरं. आणि त्या पोरांत एक परकर-पोलकं, वर चेहऱ्याच्या जागी नुसता धुराचा लोट. त्या अक्का. फोटो निघताना दारात वळू आला म्हणून त्यांनी मान वळवली होती. लग्नात, बारशात, जेवणावळीत, आयुष्यभर त्यांना ह्यावरून चिडवलं होतं.

“हललं की पुसलं,” मामा म्हणाले. “लक्षात हाय ना, अक्का?”

“माझ्या नाही तर कुणाच्या ऱ्हाणार?” अक्का म्हणाल्या.

मी काळं कापड डोक्यावर घेतलं. आतून त्याला लाल अस्तर होतं, आणि त्याला कापराचा वास येत होता.

“दिसतंय का?” मामांचा आवाज लांबून आल्यासारखा आला.

“सगळा अंधार आहे.”

“डोळ्याला जरा सवड दे. भिंगातनं बघायला जाऊ नको. काचेवर बघ, काचेवर.”

आणि हळूहळू काचेवर माणसं उमटली. उलटी. तळं वर, छत खाली, आत्ती आणि रणधीर वटवाघळांसारखे लोंबकळलेले, आणि मधोमध माझी जाई, खुर्चीसकट आभाळाला टांगलेली. मला हसू फुटलं.

“उलटी आहेत सगळी!”

“असू दे. माणूस उलटा बघितला की नीट बघितला जातोय,” मामा म्हणाले. “आता तो पितळी गोल फिरव. सावकाश. पोरीच्या डोळ्यावर धर. नाक सुटलं तरी चालंल, डोळा सुटायचा नाही.”

मी गोल फिरवला. जाई आधी नुसता पांढरा ढग होती. मग ताकातून लोणी वर यावं तशी ती वर आली. गाल, ओठ, कपाळावरची तीट. मामांनी कापडाखाली हात घालून एक छोटं भिंग माझ्या हातात दिलं. ते काचेला टेकवून मी तिचा डोळा शोधला. गोल एवढासा पुढे, एवढासा मागे. आणि मग एकेक पापणी सुटी झाली. वर्षभर मी तिला पाहत आले होते, पण काहीतरी पुसायला, मोजायला, भरवायला. नुसतं असं कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक केस उलटा वळलेला होता. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

तेवढ्यात काचेवर एक हात आला. अक्कांचा. जाईच्या मागून, तिला दिसणार नाही असा, तिच्या कानाशी गेला आणि बोटं कडकड मोडली. मग दुसऱ्या कानाशी. मला वाटलं, दृष्ट काढताहेत. आमच्याकडे बायका बाळावरून हात फिरवून अशीच बोटं मोडतात, जितकी जास्त मोडतील तितकी दृष्ट मोठी. म्हटलं, चला, तोंडाने नावं ठेवतात पण आतून माया आहे. मग अक्कांनी थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. पण उलट्या चेहऱ्यावरचं हसू की रडू, कळत नाही.

“झालं, मामा,” मी कापडातून बाहेर येत म्हटलं.

“हौसाबाई, उठा. मालकीण आली.”

मी स्टुलावर बसले. अक्का पडद्यामागच्या दाराने आत गेल्या. “ओवाळायचं ताट आणते,” असं आत्तींना म्हणाल्या.

जाई हंसाकडे वळून बघत होती. मामांनी खिशातून घुंगरू काढलं. लहान मुलांसाठी ठेवलेलं, कितीतरी पोरांनी चावलेलं. “जाई! ए जाई! इकडं, आजोबाकडं! छुन छुन छुन!” जाईला हंस सोडवेना. आत्तींनी हाका मारल्या, रणधीरने शीळ घातली. शेवटी मामांनी काळं कापड उलटं करून लाल अस्तर कॅमेऱ्यावर टाकलं, आणि ती झटकन वळून तिकडे बघू लागली.

“बाईसाहेबास्नी तांबडं पायजे,” मामा खूश झाले. त्यांनी घुंगरू खिशात टाकलं. भिंगावर टोपी घातली, फिल्मची सपाट पेटी मागे सरकवली, तिची पट्टी वर ओढली. “शटर म्हातारं झालंय. टोपीनंच काढतो. आता काच झाकली. आता मला कॅमेऱ्यातनं काय दिसत नाही, तुमचं तुम्ही सांभाळायचं. मी टोपी परत घालेपर्यंत कुणी श्वास घ्यायचा नाही.”

“पोरगी हलली तर?” आत्ती.

“ती नाही हलायची. गुणी हाय.”

मी छाती ताणून बसले. मामांनी टोपी काढली आणि ओठातल्या ओठात मोजायला लागले.

धडाम!

पडद्यामागे, अगदी आमच्या पाठीशी, पितळी ताट फरशीवर आदळलं. आदळलं, उडालं, आणि भोवऱ्यासारखं घणघणत फिरत राहिलं. मी किंचाळून मागे वळले. आत्तींनी “अगं बाई!” म्हणून कानावर हात घेतले. रणधीर उडालाच. खुद्द मामांच्या हातातली टोपी खाली पडली. ती उचलून भिंगावर बसवेपर्यंत जायचा तो फोटो गेला होता.

“अक्का!” मामांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “काय केलंस हे?”

“निसटलं,” अक्का पडद्याच्या कडेला उभ्या होत्या.

“माझी शेवटची फिल्म होती ती!”

“निसटलं म्हणते न्हवं.”

“लहानपणी एक घालवलास, आता हा घालवलास. आणखी एखादा राहिलाय का?”

रणधीर मला म्हणाला, पण अक्कांना ऐकू जाईल असं, “ह्यांना कुणाचं कौतुक म्हणून बघवत नाही.”

मी पडद्यामागे गेले, कारण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. ओवाळायचं ताट पडणं म्हणजे अपशकुन, आणि तोही जाईच्या पहिल्याच वाढदिवसाला. एम.एस्सी. असले तरी मी आईच होते. पण फरशीवर कुंकवाचा कणही नव्हता. निरांजन, हळदी-कुंकवाचा करंडा, सुपारी, अंगठी, सगळं कोनाड्यात ओळीने नीट मांडलेलं. मी हुश्श केलं. बरं झालं, म्हटलं, ताट रिकामंच पडलं.

अक्का जेवायला थांबल्या नाहीत. पिशवी काखेला मारून दारात उभ्या राहिल्या. “मी येतो,” म्हणाल्या. निघताना तिकडच्या जुन्या बायका ‘येते’ म्हणत नाहीत. मामांनी पाठ फिरवली होती. त्या पाठीकडे बघत अक्का म्हणाल्या, “दत्तू, फोटो धुऊन बघ रे. टाकू नको.”

“काय बघू त्यात? तुझं कर्तृत्व?”

“बघ की. काढलेला फोटो कुणी टाकतंय व्हय?”

त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मामा अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते मोठमोठ्याने हसत. हातात ओला फोटो, चिमट्याने कोपरा धरलेला.

“या, या, समदी या! बघा तुमची थोबाडं!”

आत्तींना दोन नाकं आली होती. रणधीरच्या खांद्यावर डोक्याऐवजी वाफ होती. माझा चेहरा अर्धा इकडे, अर्धा पडद्याकडे, मधे नुसती रेघोट्यांची साय. भिंतीवरच्या फोटोतल्या अक्का बऱ्या, अशी आमची गत. आणि मधोमध, वेताच्या खुर्चीत, जाई. लख्ख. कपाळावरची तीट, झबल्याची टीप, पापणी अन् पापणी. भुवईतला तो उलटा केससुद्धा.

“फोकस बघा सुनेचा!” मामा म्हणाले. “आणि पोर बघा! एवढं ताट आदळलं, आपण सगळी टणाटण उडालो, आणि ही राणीसरकार! रेसभर हलली नाही. अस्सल चौगुल्यांचं रक्त. फोटोला बसावं कसं ते हिच्याकडनं शिका!”

आत्ती हसल्या, रणधीर हसला. मीही हसले. मामांनी कौतुकाने छोटं भिंग पुढे केलं, “बघ, तुझंच काम हाय.” मी ते जाईच्या डोळ्यावर टेकवलं.

डोळा कॅमेऱ्यावरच्या लाल अस्तराकडे बघत होता. शांत. त्यात दचकणं नव्हतं. दचकणं येऊन गेल्याची खूणही नव्हती.

हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं आणि आत एकेक पापणी सुटी होत गेली. कुकरच्या शिट्टीला न हलणारी झोप. दिवाळीत खिडकीशी फुटलेली लवंगी माळ आणि पाळण्यात निवांत चोखला जाणारा अंगठा. छुन छुन छुन, आणि हंसाकडे लागलेली नजर. कानाशी कडकड मोडलेली बोटं, एकदा ह्या बाजूला, एकदा त्या बाजूला. आणि कोनाड्यात नीट मांडून ठेवलेलं निरांजन.

ज्याच्या हातून ताट निसटतं, त्याच्या ताटातलं सामान आधी कोनाड्यात जाऊन बसत नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. तेच ताट घेतलं. जाई आतल्या खोलीत गादीवर बसून लाल वाटीशी खेळत होती, पाठ माझ्याकडे. मामा, आत्ती, रणधीर माझ्यामागून दारापर्यंत आले होते.

“काय करतेस?” रणधीरने विचारलं.

मी हात सोडले.

आवाज झाला. मी ताटाकडे पाहिलं नाही. ताट घणघणून घणघणून गप्प झालं. जाईने वाटी तोंडात घातली, बाहेर काढली, तिच्याकडे बघून हसली. मामांचं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मला फक्त आत्तींचा आवाज ऐकू आला, “अरे देवा.”

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि दोन्ही कानांचं सांगितलं. मग म्हणाले, “वेळेत आलात. लोक तीन-चार वर्षांचं झाल्यावर आणतात, बोलत नाही म्हणून.” परतताना मी रणधीरला गाडी नेसरीकडे घ्यायला लावली.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो लांब धरून बघितला, जाईच्या चेहऱ्यावर अंगठा फिरवला आणि तो अंगठा तिथेच राहिला.

“वाटलं होतं, ही पण पुसली जाईल,” त्या म्हणाल्या. “देवाला म्हणत होते, हलू दे बाबा. पुसली जाऊ दे. मी खोटी पडू दे.”

“अक्का, सरळ सांगायचं होतं.”

“सांगितलं की. चमचा उकळत होतीस.”

मी खाली बघितलं. रणधीर दारातल्या चपलांशी उभा होता, तो आणखी मागे सरकला.

“आणि वाढदिवसाच्या दिवशी म्हातारीनं म्हटलं असतं, ह्या पोरीला ऐकू येत नाही, तर तुम्ही पोरीला बघितलं असतं का मला? त्याआधी दोन येळा भांडी पाडून बघितली की मी तुमच्या घरात. भांडं पडलं की समदी भांड्याकडं बघत्यात. ‘अक्काच्या हातात जोर ऱ्हायला नाही’ म्हणत्यात. पोरीकडं कोण बघतंय?” त्यांनी एक शेंग फोडली, दाणे जाईच्या मुठीत दिले आणि लगेच माझ्याकडे बघून परत काढून घेतले. “म्हटलं, त्या पेटीला तरी बघू दे. ती ताटाकडं वळत नाही.”

जाई आता सहावीत आहे. कानामागे यंत्र लावते, आणि इतकं बोलते की मामा म्हणतात, आता हिला जरा गप करायचं यंत्र आणा. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे, त्याच्याशेजारी धुराच्या चेहऱ्याची ती परकर-पोलक्यातली मुलगी. अक्का गेल्यावर मामांनी तो जुना फोटो मला दिला. पाहुणे विचारतात, हा बिघडलेला फोटो कशाला लावलाय? जाई त्यांना सांगते, “भुतांचा आहे. त्यात जिवंत मी एकटीच.” कॅमेरा कपाटात आहे. कधीतरी मी खटका दाबून भाता उलगडते, कापड डोक्यावर घेते आणि काचेवर खोली उलटी होईपर्यंत थांबते. तिकडे गडहिंग्लजला असलेल्या मामांना हाक मारावीशी वाटते. दिसतंय, मामा.

तुम्ही हे वाचताय, तर एक करा. तुमच्या घरात, शेजारी, वरच्या मजल्यावर एखादं बाळ असेल, सगळे ज्याला गुणी म्हणतात, कुकर वाजला तरी उठत नाही म्हणून ज्याच्या आईचा सगळ्यांना हेवा वाटतो. आजच जा. त्याला गादीवर बसवा, मागे उभे राहा आणि एक ताट पाडा. आई रागावेल, रागावू दे. ताटाकडे मात्र बघू नका. बाळाकडे बघा.